जुन्या कंपनी-कॅम्पसमधून नांदती वस्ती: सातपूर-अंबड परिसरासाठी पायरीपायरीने

नाशिकमध्ये सातपूर, अंबड आणि मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने फिरलं की एक ठरावीक दृश्य दिसतं. उंच कंपाऊंड, एकच गेट, वॉचमनची केबिन, आत दोन-तीन मजली ऑफिसची इमारत, मागे शेड, कॅन्टीन आणि अर्ध्याहून जास्त जागेवर मोकळं पार्किंग. काही ठिकाणी काम जोरात चालू आहे, काही ठिकाणी गेटवर 'भाड्याने देणे आहे'चा फलक गंजत चाललाय. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या ऑफिस संकुलांचीही हीच अवस्था आहे: संध्याकाळी सातनंतर सामसूम, रविवारी कुत्रंही फिरकत नाही.

एकेकाळी या जागा गावाबाहेर होत्या. ७ नोव्हेंबर १९८२ ला महापालिका झाली, सातपूर तिच्यात आलं, सिडकोच्या योजना उभ्या राहिल्या आणि गावाबाहेरची जागा शहराच्या मधोमध आली. त्यामुळे 'इथे घरं, दुकानं, ऑफिसं एकत्र करता येतील का' हा प्रश्न मालक, गाळेधारक आणि बिल्डर सगळेच विचारतात. येतील, पण सगळीकडे नाही. आणि नकाशा काढून घेण्याआधी करायची कामं बरीच आहेत. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो: असे प्रकल्प डिझाइनवर फसत नाहीत. ते जमिनीच्या कागदावर, जमिनीखाली मुरलेल्या गोष्टींवर आणि तळमजल्यावर फसतात. म्हणून या तीन पायऱ्यांवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

पायरी १: जागा नेमकी कोणाची, ते आधी ठरवा

नाशिकमध्ये एकमेकांना लागून असलेल्या दोन भूखंडांचे नियम पूर्ण वेगळे असू शकतात. ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिला, एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा भूखंड. इथे तुम्ही मालक नसता, भाडेपट्टाधारक असता. पट्टा साधारण ९५ वर्षांचा असतो आणि हस्तांतर, पोटभाडं, वापरातला बदल, प्रत्येकाला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. घरपट्टी महापालिका घेते, पण बांधकामाचा नकाशा एमआयडीसी मंजूर करते. राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, इथे लागू नाही. म्हणून औद्योगिक भूखंडावर सरळ फ्लॅट बांधून विकू, असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे लेखी आधार मागा. अशा जागेवर जमण्यासारखं काय, तर ऑफिसं, प्रशिक्षण केंद्र, कामगारांसाठी वसतिगृह, उपाहारगृह, बँक, दवाखाना. तेही आधी पत्र देऊन आणि उत्तर हातात आल्यावर.

दुसरा, नाशिक इंडस्ट्रियल को-ऑपरेटिव्ह इस्टेट, म्हणजे आपल्या तोंडचं 'नाइस'. इथे भूखंडधारकाच्या डोक्यावर सहकारी संस्थाही आहे. संस्थेचा ठराव, पट्ट्यातल्या अटी, पोटनियम हे सगळं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरा, महापालिकेच्या विकास आराखड्यात औद्योगिक विभागात असलेली खासगी मालकीची जमीन. खरी संधी इथे आहे. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या यूडीसीपीआरमध्ये औद्योगिक विभागात निवासी आणि व्यापारी वापर अटींसह करता येतो. त्यातल्या दोन अटी लोक हमखास विसरतात. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेवर घरं बांधायची तर कामगारांची देणी चुकती झाल्याचं, किंवा त्याची समाधानकारक व्यवस्था झाल्याचं कामगार आयुक्तांचं ना-हरकत लागतं. आणि शेजारी चालू कारखाना असेल तर सोडायचं अंतर तुमच्याच जमिनीतून सोडावं लागतं, शेजाऱ्याच्या नाही.

चौथा, गाळ्यांचं संकुल. चाळीस मालक, त्यातले पाच परदेशात, दोघांचे वारस भांडतायत. इथे आर्किटेक्टआधी वकील शोधा. संस्था सहकारी कायद्याखाली आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली, यावर संमतीची पद्धत ठरते. सहकारी संस्थेसाठी ४ जुलै २०१९ च्या शासनाच्या पुनर्विकास सूचना हा निदान पद्धतशीर पायंडा आहे: विशेष सभा, तिचं चित्रीकरण, निविदा, सगळं लेखी.

या टप्प्यावर हातात हवी ती कागदपत्रं: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, भूमी अभिलेखची ताजी मोजणी, झोन दाखला आणि भाग नकाशा, मूळ पट्टा, मंजूर नकाशे, भोगवटा दाखला, बँकेचा बोजा. मोजणीत कंपाऊंड आणि कागद जुळत नाहीत, हे इथे नित्याचंच आहे.

पायरी २: जमिनीखाली काय मुरलंय ते तपासा

ऑफिसच्या इमारतीकडे पाहून जमिनीची कल्पना येत नाही. आज जिथे कॉल सेंटर आहे तिथे आधी प्लेटिंगचं युनिट असू शकतं. सातपूर-अंबडमध्ये प्लेटिंग, पेंटिंग, हीट ट्रीटमेंट, मशीनिंग ही कामं दशकानुदशकं झाली आहेत. क्रोमियम, निकेल, कटिंग ऑइल, पेंटचे द्रावक आणि डिझेल यांच्यावर नजर ठेवायची.

सुरुवात फुकटात होते. जागेचा इतिहास लिहून काढा: कोणत्या सालापासून कोणती कंपनी, कोणती प्रक्रिया, टाक्या कुठे, सांडपाण्याची चेंबर कुठे, भंगार कुठे टाकायचे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या संमतीपत्रांत प्रक्रिया आणि कचऱ्याचे प्रकार लिहिलेले असतात. त्याहून चांगला स्रोत म्हणजे निवृत्त मेंटेनन्सवाला. 'मागच्या भिंतीशी खड्डा होता, त्यात स्लज टाकायचो' ही माहिती कुठल्याच फाइलमध्ये सापडत नाही.

मग मातीचे नमुने घ्या. सरसकट नाही, तर संशयाच्या जागी दाट आणि बाकी ठिकाणी विरळ. वरचा भराव, खालचा मुरूम आणि बोअरचं पाणी, तिन्हींची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करा. आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे. पाणी त्याच्या भेगांतून चालतं, त्यामुळे प्रदूषण सरळ पसरत नाही. एक बोअर स्वच्छ निघाला म्हणून दुसराही स्वच्छ असेल असं नाही. तुलनेसाठी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक हाताशी ठेवा: एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, निकेल ०.०२, शिसं ०.०१.

दूषित माती निघाली तर ती डंपरमधून रातोरात गंगापूर रोडच्या पलीकडे नेऊन टाकणं हा गुन्हा आहे, आणि ती दुसऱ्याच्या विहिरीत उतरते. २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही आणले आहेत. काढलेली माती अधिकृत घातक कचरा प्रकल्पातच जायला हवी. थोडं प्रदूषण असेल तर त्या भागावर घरं किंवा बाग न करता पक्कं आच्छादन घालून पार्किंग ठेवणं शहाणपणाचं.

आणि इथे एक विरोधाभास आहे. नियमाने पर्जन्य जलसंधारण करावं लागतं, म्हणून सगळे शोषखड्डा खोदतात. पण दूषित जमिनीत पाणी जिरवलं तर विष खाली ढकललं जातं. अशा जागेवर छतावरचं पाणी टाकीत साठवा आणि वापरा; जिरवायचं असेल तर स्वच्छ ठरलेल्या भागातच.

जुन्या शेडवरचे सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते हातोड्याने फोडायचे नाहीत. ओले करून, अख्खे उतरवून, गुंडाळून, वेगळे न्यायचे. पाडकामाच्या करारात हे कलम स्वतंत्र लिहा, नाहीतर ठेकेदार पहिल्याच दिवशी धूळ उडवेल.

पायरी ३: रस्ता, नाला आणि उंची

यूडीसीपीआरमध्ये किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. महापालिका हद्दीत मूळ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१०. त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय, आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क; हा टीडीआर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढत जातो. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर ती दारं जवळपास बंद. कागदावरची रुंदी आणि जागेवरची रुंदी दोन्ही मोजा. टपऱ्या, ट्रक आणि ट्रान्सफॉर्मर यांनी खाल्लेला रस्ता नकाशात दिसत नाही.

मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण इथे डोळ्यांसमोर ठेवावं. १९९१ च्या नियमांत गिरणीची जमीन महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात वाटायची होती. २००१ च्या बदलाने ती वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि शहराच्या वाट्याला तुकडे आले. टॉवर उभे राहिले, ऑफिसं भरली, पण रस्ते आणि पूल गिरणी काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. वापर बदलला की माणसांचा ओघ बदलतो, तो पेलायची सोय आधी हवी.

नाशिकपुरतं सांगायचं तर निओ मेट्रोच्या, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या नियोजित मेट्रोच्या भरवशावर हिशेब मांडू नका. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, पण आज स्टेशन दिसत नाही, तर आज ते धरायचं नाही. धरायची ती ८ जुलै २०२१ पासून धावणारी सिटीलिंक ही महापालिकेची बससेवा. जवळच्या थांब्यापासून गेटपर्यंत चालत किती वेळ लागतो, वाटेत फुटपाथ आणि दिवे आहेत का, सातपूर किंवा निमाणीकडे शेवटची बस कधी, हे स्वतः जाऊन पहा.

नासर्डी म्हणजे नंदिनी नदी, वालदेवी किंवा एखादा नाला जवळ असेल तर पूररेषेचा नकाशा मागवा. निळ्या रेषेच्या, म्हणजे नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या आत बांधकामाचा विचारही नको. ओझर, गांधीनगर आणि देवळाली इथल्या विमानतळ आणि लष्करी तळांमुळे काही भागांत उंचीसाठी संरक्षण किंवा विमान वाहतूक यंत्रणेचं ना-हरकत लागतं. बाविसाव्या मजल्याचं ब्रोशर छापण्याआधी ते पाहून घ्यावं.

पायरी ४: काय पाडायचं, काय ठेवायचं

बिल्डरची पहिली सूचना 'सगळं साफ करू' अशी असते. मला ती क्वचितच पटते. आधी संरचना तपासणी करून घ्या: काँक्रीटचे कोअर, अल्ट्रासोनिक चाचणी, कार्बोनेशन, सळईच्या गंजाची पातळी. नाशिक भूकंप विभाग तीनमध्ये येतं आणि १९९० च्या आधीच्या इमारती आजच्या नियमांनुसार आखलेल्या नसतात. पण त्या कारखान्याच्या बोजासाठी बांधलेल्या असतात, आणि घराचा बोजा ऑफिस किंवा कारखान्यापेक्षा कमीच असतो.

खरी अडचण असते ती इमारतीच्या जाडीची. ऑफिसचा मजला पंचवीस-तीस मीटर रुंद असतो. त्याचे फ्लॅट केले तर मधल्या खोल्यांना खिडकीच येत नाही. उपाय जुन्या नाशिकमध्येच आहे: वाड्यासारखा मध्ये चौक कापा. स्लॅबचा मधला भाग काढला की उजेड, वारा आणि पाइपसाठी जागा तिन्ही मिळतात. चौक परवडत नसेल तर त्या इमारतीत घरं करू नका. ऑफिस, अभ्यासिका, क्लिनिक, जिम ठेवा. उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या दातेरी छताच्या शेड तर सोन्यासारख्या असतात. बाजार, कार्यशाळा, खेळाचा हॉल, काहीही होऊ शकतं.

झाडं मोजा, त्यांची वयंही काढा. राज्याच्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या बदलानुसार ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. सत्तरच्या दशकातल्या कंपनीच्या आवारातले कडुलिंब आणि पर्जन्यवृक्ष आता त्या वयाला आलेत. रस्ते त्यांच्याभोवती वळवा. नव्या वस्तीला पहिल्या दिवशी सावली दुसरी कुठून येणार?

पायरी ५: आकडे मांडा

समजा, खासगी मालकीचा १२,००० चौरस मीटरचा भूखंड १८ मीटर रस्त्यावर आहे. मूळ एफएसआयने १३,२०० चौरस मीटर. प्रीमियम ०.५० चे ६,०००, टीडीआर ०.९० धरला तर १०,८००. एकूण ३०,०००. यावर जिने, लिफ्ट, बाल्कनी अशा भागांसाठीचा पूरक एफएसआय, प्रीमियम भरून, निवासीला ६० टक्के आणि इतर वापराला ८० टक्क्यांपर्यंत. सगळं निवासी केलं तर कागदावर ४८,००० चौरस मीटर.

आता वजाबाकी. ४,००० चौरस मीटरपासून पुढे १० टक्के मोकळी जागा, म्हणजे १,२००. निवासी प्रकल्प त्याच मर्यादेपुढे असेल तर मूळ एफएसआयच्या २० टक्के छोटी घरं, इथे २,६४० चौरस मीटर. ही घरं म्हाडाकडे द्यायच्या प्रश्नावरून नाशिकमध्ये २०२२ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. भूखंडाचे तुकडे करून यातून सुटायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आणि खरं तर ही घरं प्रकल्पाला उपकारकच आहेत: दुकानातला मुलगा, नर्स, मशीन ऑपरेटर तिथेच राहिला तरच वस्ती वस्ती होते.

बांधकाम २०,००० चौरस मीटरवर गेलं की २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी आलीच. वरच्या उदाहरणात नुसता मूळ आणि त्याचा पूरक एफएसआय घेतला तरी २१,१२० होतात. म्हणून मंजुरीचा वेळ आणि त्या काळातलं व्याज सुरुवातीलाच धरा.

जीएसटीची एक गोम अशी. प्रकल्पातलं व्यापारी कार्पेट क्षेत्र एकूण कार्पेटच्या १५ टक्क्यांच्या आत राहिलं तर दुकानांवरही घरांसारखाच ५ टक्के दर लागतो. वर गेलं तर बांधकामाधीन दुकान-ऑफिसला १२ टक्के. म्हणून बहुतेक बिल्डर व्यापारी भाग बरोबर १४ टक्क्यांवर आणून थांबवतात. निघतं काय, तर रस्त्याकडे दुकानांची एक रांग आणि मागे कॉलनी. मिश्र वस्ती हवी असेल तर निदान पाव ते एक-तृतीयांश हिस्सा कामाच्या जागांना हवा. करआकारणी किचकट होते हे मान्य, म्हणून सीएला नकाशाच्या पहिल्याच बैठकीला बसवा, शेवटच्या नाही.

पायरी ६: तळमजला आणि गल्ल्या

आधी कंपाऊंड पाडा. निदान दोन बाजूंनी वाट उघडा. अडीच-तीनशे मीटर लांबीचा भूखंड असेल तर दर ८० ते १०० मीटरवर आरपार जाणारी गल्ली काढा, जी शेजारच्या कॉलनीतल्या माणसालाही वापरता येईल. सुरक्षा इमारतीच्या दाराशी ठेवा, रस्त्याच्या तोंडाशी नको.

तळमजल्याची उंची सव्वाचार मीटरच्या आसपास ठेवली तर दुकान, दवाखाना, वर्कशॉप काहीही बसतं. सगळे गाळे मोठे करू नका. आठ-दहा चौरस मीटरचे गाळे मुद्दाम ठेवा: चहा, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, शिंपी, भाजी. मोठ्या भाड्याच्या मोहाने एकच शोरूम आणली की संध्याकाळी शटर पडतं आणि पुन्हा तीच सामसूम. मेन रोड, सराफ बाजार, भांडी बाजार इथे खाली दुकान आणि वर घर पिढ्यान्पिढ्या चाललं. दर दहा-बारा पावलांवर एक दार आहे म्हणून.

स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधलं मोकळं तळमजल्याचं पार्किंग, रस्त्याच्या कडेला नको. इमारतीच्या मागे किंवा पोटात. ऑफिसच्या गाड्या दिवसा आणि घरच्या गाड्या रात्री, या हिशेबाने काही जागा सामायिक ठेवा आणि ते करारात लिहा. फ्लॅटच्या किमतीत पार्किंग गुंडाळू नका.

आवाजाचं काय? २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. शेजारी पॉवर प्रेस चालू असेल तर त्या बाजूला जिने, लिफ्ट, ऑफिसं, पार्किंग ठेवा आणि बेडरूम उलट्या बाजूला. फ्लॅट विकताना शेजारच्या कारखान्याचा उल्लेख लेखी करा. नाहीतर दोन वर्षांत रहिवाशांच्या तक्रारींनी तो कारखाना बंद पडेल, आणि त्यातली माणसं कदाचित तुमच्याच छोट्या घरांत राहत असतील.

पायरी ७: आज तिथे असलेल्यांची यादी

भाडेकरू, जॉबवर्कवाले, कॅन्टीनवाला, गेटसमोरचा वडापाववाला, सगळ्यांची. कोणाचा करार किती उरलाय, कोणाला १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, वकिलाकडून काढून घ्या. दोन-तीन सीएनसी मशीनवाला उद्योजक तळमजल्यावर आनंदाने राहील, त्याला फक्त भक्कम फरशी, थ्री-फेज वीज आणि टेम्पो लागेल अशी जागा हवी. त्याला आधी गाळा बांधून द्या, मग जुनी शेड पाडा. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याचा आधार आहे. त्यांची जागा नकाशातच दाखवली तर नंतरची कटकट वाचते. निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांशी आधीच बोललात तर विरोध कमी होतो, भाडेकरूही मिळतात.

पायरी ८: टप्पे आणि परवानग्या

पहिला टप्पा छोटा ठेवा: कंपाऊंड उघडणं, कॅन्टीनची इमारत दुरुस्त करून उपाहारगृह, एका शेडमध्ये आठवड्याचा बाजार. गोदाकाठचा बुधवारचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना गर्दी जमवायला काय लागतं ते सांगायला नको. वर्षभर लोक येतात का, कुठून येतात, कुठे बसतात, हे पाहून मग मोठा नकाशा पक्का करा.

सिंहस्थ कुंभमेळा लक्षात ठेवा. २०२६-२७ च्या काळात रस्त्यांची कामं, वाहतुकीतले बदल, मजूर आणि साहित्याची ओढाताण राहणारच. मोठं पाडकाम आणि डंपरची ये-जा त्या हिशेबाने आखा. मंजुऱ्यांचं कागदी काम मात्र थांबवू नका.

परवानग्यांचा क्रम: झोन आणि पट्ट्याबाबतचं उत्तर, मातीचा अहवाल, कामगारांच्या देण्यांचं ना-हरकत, झाडं, अग्निशमन, पर्यावरण मंजुरी, बांधकाम परवानगी. जागा ५०० चौरस मीटरवर किंवा युनिट आठपेक्षा जास्त असतील तर विक्रीची जाहिरात करण्याआधी महारेरा नोंदणी. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात. महावितरणशी लवकर बोला. कंपनीची उच्चदाब जोडणी आपोआप दोनशे घरगुती मीटरमध्ये बदलत नाही, ट्रान्सफॉर्मरची जागा नकाशात हवी. पाण्याचंही तसंच: आजवर एमआयडीसीचं पाणी येत असेल तर पुढे कोण, किती देणार, हे लेखी घ्या.

पायरी ९: नंतरचा कारभार

घरांची एक संस्था, दुकान-ऑफिसांची दुसरी, आणि सामायिक रस्ते, सांडपाणी प्रकल्प, दिवे यांसाठी दोघांचा संघ, ही रचना सहसा चालते. भांडणं ठरलेली असतात: दुकानदार लिफ्टचा खर्च देत नाही, रहिवासी हॉटेलच्या एक्झॉस्टवर चिडतात, सांडपाणी प्रकल्पाचं वीजबिल कोणी भरायचं यावर दोन वर्षं जातात. म्हणून विक्रीकरारालाच परिशिष्ट जोडा: कोणता खर्च कोणत्या सूत्राने, हॉटेलचा धूर कुठल्या शाफ्टने गच्चीवर, माल उतरवायच्या वेळा, दुकान रात्री किती वाजेपर्यंत, आरपार गल्लीला गेट बसवायचा अधिकार कोणालाच नाही. शेवटचं कलम ठळक छापा. ताबा मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत कोणीतरी सभेत गेटचा ठराव आणतंच.